कॅज्युअल्टीतला राग: चढतो कसा, उतरवायचा कसा

रात्रपाळी

कॅज्युअल्टी, आयसीयू आणि वॉर्डातल्या मारहाणीवर हा धागा काढतोय. निषेधासाठी नाही. पहिला हात उठण्याआधीच्या अर्ध्या तासात नेमकं काय करता येतं, ते एका जागी लिहून ठेवावं म्हणून. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला जमावानं मारलं, त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. तेव्हापासून सुरक्षारक्षक, पास आणि फलक यांवर पुष्कळ चर्चा झाली. त्या अर्ध्या तासाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही, आणि खरं काम तिथेच आहे.

आधी एक वाटणी करून घेऊ, कारण ती चुकली की पुढचं सगळं चुकतं. चिडलेला माणूस पेशंट आहे, की पेशंटबरोबर आलेला? पेशंट अंगावर येत असेल तर बहुतेक वेळा त्याच्या मेंदूला काहीतरी कमी पडलेलं असतं: साखर, ऑक्सिजन, नाहीतर रोजची दारू. तिथे समजावणं नंतर, तपासणं आधी. नातेवाईक अंगावर येत असेल तर त्याला कमी पडलेली असते माहिती. तिथे दंडुका दाखवून काही साधत नाही.

तिसरा प्रकार कमी दिसतो, पण ओळखता यायला हवा. थंड डोक्यानं केलेली दहशत. बिल कमी करून घ्यायला आलेला घोळका, किंवा मारामारीतले दोन्ही गट एकाच कॅज्युअल्टीत आलेले. यांचा आवाज हवा तेव्हा चढतो आणि हवा तेव्हा उतरतो. तिथे समजुतीत वेळ घालवू नये. दोन गट दोन खोल्यांत, मधलं दार बंद, ११२ ला फोन.

केसपेपर

चांगला धागा. ओळखण्याबद्दल लिहिते.

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इमर्जन्सी विभागातल्या नर्सिंग अभ्यासातून पाच खुणा पुढे आल्या: टक लावून बघणं, आवाजाची पट्टी बदलणं, वाढती घालमेल, स्वतःशी पुटपुटणं आणि येरझाऱ्या. पाचही आपल्या कॅज्युअल्टीत रोज दिसतात. ओरडणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. पण ट्रॉलीपासून चार पावलांवर, एका हातात केसपेपर आणि दुसऱ्या हातात पेशंटच्या चपला धरून, एकाएकी गप्प झालेला माणूस कुणाच्या नजरेत येत नाही. मघाशी तीनदा विचारून गेलेला असतो, आता विचारत नाही. नजर मात्र आपल्या हातांवर खिळलेली. त्याला उत्तर मिळालेलं नसतं, विचारून काही होत नाही एवढंच त्याला कळलेलं असतं. अशा माणसाकडे आपण होऊन जायचं. चपला ठेवायला जागा दाखवायची, खुर्ची द्यायची, पेशंटचा कोण लागतो ते विचारायचं. दीड मिनिटाचं काम आहे.

वॉर्डातल्या पेशंटसाठी नॉर्वेत तयार झालेली ब्रॉसेट यादी सोपी आहे. गोंधळलेपण, चिडचिड, दंगा, शिवीगाळ-धमकी, अंगावर धावून जाण्याचा आविर्भाव, वस्तूंची आदळआपट. प्रत्येकाला एक गुण, दर पाळीत एकदा. शून्य असेल तर ठीक, एक-दोन असतील तर लक्ष ठेवा, तीन किंवा जास्त झाले की डॉक्टरांना बोलवा आणि माणसं जमवून ठेवा. इथे एक चूक हमखास होते. डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) आजोबा रोजच गोंधळलेले असतात म्हणून रोज एक गुण दिला जातो. तसं नाही. नेहमीपेक्षा वाढलं असेल तरच गुण द्यायचा.

कडूलिंब

ग्रामीण रुग्णालयाच्या बाजूनं थोडं. पेशंट आरडाओरडा करतोय, सलाईन ओढून काढतोय असं दिसलं की पहिली वस्तू हातात हवी ती ग्लुकोमीटर. बांधायचा पट्टा नाही, इंजेक्शनही नाही. साखर ७० च्या खाली असेल तर तो माणूस दारुडा नाही, भुकेला मेंदू आहे. २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज, आणि बरेचदा पाच-दहा मिनिटांत तोच माणूस हात जोडून माफी मागतो. तोंडाला दारूचा वास येतो म्हणून साखर न बघणं ही सर्वात महागात पडणारी चूक. दारू प्यायलेल्याची साखर पडू शकते, आणि त्याच्या डोक्याला मारही लागलेला असू शकतो.

साखरेपाठोपाठ बोटाला ऑक्सिमीटर, अंगाला ताप आहे का, आणि ओटीपोटावर हात. तुंबलेल्या लघवीनं म्हातारा माणूस अक्षरशः पिसाळल्यासारखा करतो आणि कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर झोपी जातो.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. फवारणीचं औषध प्यालेला पेशंट, त्यावरचा उतारा ॲट्रोपिन चालू, आणि दुसऱ्या दिवशी तो चादरीचे धागे ओढतोय, हवेत काहीतरी पकडतोय, उठून पळतोय. जीभ कोरडी ठाक, अंग तापलेलं, बाहुल्या मोठ्या, पोटाचे आवाज बंद. पेशंट वेडा झाला असं नातेवाईक म्हणतात, आणि चार जण मिळून त्याला बांधतात. हे ॲट्रोपिन जास्त झाल्याचं लक्षण आहे. ठिबक थांबवायची, अर्धा ते एक तास वाट बघायची, उतार पडला की आधीच्या वेगाच्या ७०-८० टक्क्यांवर पुन्हा सुरू करायची. त्याच वेळी नातेवाइकांना एका वाक्यात सांगायचं: "हे औषधामुळे होतंय, औषध कमी केलंय, तासाभरात फरक दिसेल." ते वाक्य राहून गेलं की संध्याकाळपर्यंत बाहेर घोळका जमतो.

निंबोणी

कडूलिंब यांना अनुमोदन, एक भर. रोज पिणाऱ्याला डेक्स्ट्रोजबरोबर थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्यायचंच. पण थायमिन सापडत नाही म्हणून साखर देणं लांबवू नका.

दारू अचानक सुटल्यावरचा आक्रमकपणा वेगळा, आणि तो कॅज्युअल्टीत नाही तर ऑर्थो-सर्जरीच्या वॉर्डात रात्री गाठतो. पाय मोडून आलेला माणूस पहिला दिवस शांत असतो. शेवटच्या घोटानंतर पहिल्या दिवसातच हात कापू लागतात, दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान खरा भ्रम: भिंतीवर किडे दिसणं, घाम, नाडी जोरात, मग शेजारच्या कॉटवर हल्ला. म्हणून दाखल करतानाच विचारावं, "शेवटची कधी घेतली, रोज किती?" बायकोला बाजूला घेऊन विचारलं तर खरं उत्तर मिळतं. इथे औषध लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, दोन्ही शामकं. नुसतं हॅलोपेरिडॉल (मनोविकारावरचं औषध) देऊन झोपवू नये, फिटचा धोका वाढतो.

मानसिक आजारातल्या तीव्र उद्रेकासाठी आपल्या देशातलाच चांगला पुरावा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये २०० पेशंटवर हॅलोपेरिडॉल अधिक प्रोमेथाझिन विरुद्ध लोराझेपाम अशी तुलना झाली, २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्हींनी पेशंट शांत झाले, पण जोडीचा परिणाम लवकर दिसला. प्रोमेथाझिन फक्त झोपेसाठी नसतं. हॅलोपेरिडॉलमुळे मान-जबडा आखडतो, ते त्यानं टळतं. पार्किन्सनच्या पेशंटला हॅलोपेरिडॉल नको. म्हाताऱ्यांना द्यावंच लागलं तर अर्ध्या मिलिग्रॅमपासून. इंजेक्शननंतर पहिला तास दर १५ मिनिटांनी श्वास, नाडी, बीपी आणि ऑक्सिजन. झोपला म्हणून सुटका झाली असं समजू नये.

आता बोलण्याबद्दल, कारण नातेवाइकांच्या बाबतीत तेच औषध आहे. दोन हात अंतर ठेवा. समोरासमोर नको, थोडं तिरकं उभं राहा, दार दोघांनाही मोकळं असू द्या. हात दिसू द्या. खिशात नको, छातीवर घडी नको. बोलणारा एकच. चार जण चार बाजूंनी समजावू लागले की त्याला ते घेरल्यासारखं वाटतं.

"शांत व्हा" या दोन शब्दांनी आजवर कुणी शांत झालेलं नाही. त्यात "तुमचं चुकतंय" एवढंच ऐकू येतं. "ओरडू नका", "डॉक्टर तुम्ही आहात की मी?", "बाहेर थांबा" हे तिन्ही त्याच पठडीतले. "बाहेर थांबा"च्या जागी "दहा मिनिटं बाहेर बसा, सीटी स्कॅनची फिल्म आली की मी स्वतः येऊन सांगतो" म्हणा, आणि दहाव्या मिनिटाला खरंच जा. फिल्म आलेली नसली तरी जा, "अजून आली नाही" हे सांगायला.

आणि अरे-तुरे. मारहाणीच्या तक्रारी नीट वाचल्या तर भांडणाचा पहिला धागा किती वेळा "ए, चल बाहेर हो" इथे सापडतो! आपल्या भाषेत एका क्रियापदात माणसाची किंमत ठरते. वडील ट्रॉलीवर पडलेले असताना विशीतल्या डॉक्टरनं पन्नाशीच्या मुलाला "तू" म्हटलं, तर पुढची अर्ध्या तासाची मेहनत वाया. दादा, काका, मावशी, विदर्भात भाऊ, जे त्या गावचं असेल ते. पण "तुम्ही" सुटता कामा नये. सिक्युरिटी आणि वॉर्डातले मामा-मावशी यांनाही हेच शिकवायला हवं, कारण पहिला शब्द त्यांचाच असतो.

गस्त

सुरक्षेच्या बाजूनं जागेबद्दल लिहितो. माणसं सुधारायला वेळ लागतो, जागा एका दिवसात सुधारते.

हल्ल्यात वापरली जाणारी वस्तू बाहेरून क्वचित येते, ती तिथेच असते. सुटं सलाईन स्टँड, ऑक्सिजन सिलिंडरचा पाना, ड्रेसिंगच्या ट्रेमधली कात्री, काचेची बाटली. स्टँड कॉटला जोडलेलं घ्या. पाना साखळीनं बांधा, सिलिंडरपर्यंत पोचेल एवढ्याच साखळीनं. बाहेरच्या खुर्च्या तीन-तीनच्या जोडलेल्या आणि जमिनीत बोल्ट केलेल्या. ओळखपत्राची गळ्यातली फीत झटका बसताच सुटणारी हवी, आणि स्टेथोस्कोप गळ्यात नको, खिशात. दोन्ही फासासारखे ओढले जातात. तपासणीच्या खोलीला दोन दारं असावीत. एकच असेल तर डॉक्टरची खुर्ची दाराच्या बाजूला, पेशंटची आत.

मदत बोलवायचा शब्द आधी ठरवा आणि तो साधा ठेवा. "मोठ्या कपाटाची चावी आणा" असं काहीतरी, म्हणजे समोरचा भडकत नाही आणि आपल्या माणसाला कळतं. महिन्यातून एकदा रंगीत तालीम करा, रात्रपाळीतही.

धरावंच लागलं तर पाच जण: एक डोक्याशी, चार हातापायांशी. डोक्याशी असलेल्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प. सांधे पिरगाळायचे नाहीत. पालथं कधीही पाडायचं नाही, छातीवर-पाठीवर गुडघा कधीही ठेवायचा नाही. माणूस गुदमरून जातो, आणि "श्वास घेता येत नाही" असं तो म्हणाला तर ते नाटक समजायचं नाही.

केसपेपर

@गस्त, बांधण्याबद्दल भर. पट्टा मऊ सुती, कॉटच्या कठड्याला नाही तर चौकटीला, कारण कठडा खाली केला की हात ओढला जातो. उताणा, डोक्याकडची बाजू ३० अंश वर. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. दर १५ मिनिटांनी बोटांचा रंग आणि ऊब बघायची, पाणी आणि लघवीचं विचारायचं, वेळ लिहायची. बांधलं का, कुणाच्या सांगण्यावरून, कधी सोडलं, तिन्ही नोंदी हव्यात.

वकीलपत्र

बांधण्यावर कायदा स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम ९७: शिक्षा म्हणून बांधता येत नाही, कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, तातडीचा धोका टाळायला दुसरा उपाय नसेल तरच आणि गरजेपुरताच वेळ. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे पेशंटच्या वतीनं नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवावं लागतं.

हल्ल्यासाठी महाराष्ट्राचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, नर्स, वैद्यकीय विद्यार्थी, निमवैद्यकीय कर्मचारी सगळे त्यात येतात, सरकारी आणि खासगी दोन्हीकडचे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, दंड ५० हजारांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. नुकसान झालेल्या उपकरणांच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. व्यवहारात होतं असं की फिर्याद साध्या मारहाणीची लिहिली जाते आणि हा कायदा लावायचाच राहतो. फिर्यादीत त्याचं नाव लिहून घ्या. सरकारी रुग्णालय असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ (सरकारी नोकराला कामापासून रोखायला केलेला हल्ला) सुद्धा. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या १६ ऑगस्ट २०२४ च्या आदेशानुसार ६ तासांच्या आत तक्रार नोंदवणं ही संस्थाप्रमुखाची जबाबदारी आहे. मार खाल्लेल्या रेसिडेंटनं एकट्यानं चौकीत जाऊन बसायचं नाही. जखमांची एमएलसी (पोलिसी प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद) त्याच पाळीत करा, आणि सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा. रेकॉर्डर जुनं पुसून त्यावर नवं लिहितो.

कडूलिंब

कायदा हवाच. पण दारावर शिक्षेचा मोठा फलक लावून राग कमी होतो, हे मला पटत नाही. ज्याचा मुलगा आत आहे तो फलक वाचत नाही.

वकीलपत्र

@कडूलिंब, मान्य. कायदा थंड डोक्यानं येणाऱ्यासाठी आहे, घाबरलेल्यासाठी नाही. फलकावर शिक्षेखाली तक्रार कुठे करायची तेही लिहा. बहुतेक फलकांवर तेवढंच नसतं.

पायरी

वैद्यकीय समाजसेवेच्या बाजूनं, मृत्यूच्या बातमीबद्दल. तोडफोड मृत्यूमुळे होते असं म्हणतात. बारकाईनं पाहिलं तर ती मृत्यू अचानक कळण्यामुळे होते.

सीपीआर सुरू झाला की कुणीतरी एकानं त्या क्षणी बाहेर जायचं. "हृदय थांबलंय, छाती दाबून चालू करायचा प्रयत्न चाललाय, परिस्थिती फार वाईट आहे." पंधरा मिनिटांनी पुन्हा. थांबवण्याआधी एकदा. म्हणजे शेवटची बातमी ही चौथी पायरी होते. पहिल्याच वाक्यात कडा कोसळत नाही.

सांगताना खोलीत, बसून, दोघांनी जायचं. आत दोन-तीन जवळचेच. जवळचा कोण हे आधी ओळखा. सर्वात मोठ्यानं बोलणारा बहुतेक वेळा मुलगा-भाऊ नसतो, गल्लीतून मागाहून आलेला असतो. त्याला उडवून लावू नका. "तुम्ही घरच्यांना धीर द्या, पाणी द्या" असं काम द्या. वाक्य थेट: "वाईट बातमी आहे. तुमच्या वडिलांचा मृत्यू झालाय." मग गप्प. "आम्ही खूप प्रयत्न केले, पण त्यांना आधीच उशीर..." अशी सुरुवात करू नका. प्रयत्नांनी आशा लागते, उशिरानं दोष लागतो, आणि दोष ऐकलेला माणूस तो परत फेकतो. ज्यानं गाडी मिळवण्यात तास घालवलाय त्याला उशीर झाला हे तुमच्याआधी माहीत आहे. त्याचं तेच ओझं रागाच्या रूपानं बाहेर पडतं. आणताक्षणीच मृत असेल तरी ट्रॉलीवर दारातूनच परत पाठवू नका. ईसीजी काढा, सरळ रेघ दाखवा, त्याची पट्टी जोडा.

आणि दुसरी लाट. रडणं ओसरल्यावर दोनेक तासांनी, पोस्टमॉर्टेमवरून. "आता चिरफाड कशाला?" अपघात, विषबाधा, जळणं यांत तो निर्णय डॉक्टरचा नाही, पोलिसांचा पंचनामा लागतो, हे मृत्यू सांगितल्यावर अर्ध्या तासात सांगा. कागद कोणते, सही कुणाची, देह साधारण किती वाजता मिळेल, हे एका कागदावर लिहून द्या. बिलासाठी देह अडवू नका. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत ते साफ लिहिलेलं आहे, आणि सनद बाजूला ठेवली तरी दारात थांबलेल्या तिरडीसमोर पैसे मागणं माणसाला शोभत नाही.

वाटसरू

नातेवाइकांच्या बाजूनं विचारतो. खरोखर हयगय होत असेल तर त्यांनी करायचं काय? सगळे सल्ले डॉक्टरांनाच आहेत.

वकीलपत्र

रास्त प्रश्न. घरातला एकच माणूस बोलायला ठेवा, त्याचं नाव-नंबर केसपेपरवर लिहायला सांगा. डॉक्टर किती वाजता आले, काय म्हणाले, हे मोबाईलमध्ये टिपत जा. उपचारांच्या नोंदींची प्रत लेखी मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार ती ७२ तासांत मिळायला हवी. मग अधीक्षक, वैद्यकीय परिषद, ग्राहक आयोग. गुन्हा नोंदवायचा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं, त्यामुळे अटक लगेच होत नाही. पोलीस विकले गेले असा त्याचा अर्थ नाही. आणि मारहाण झाली की हयगयीची खरी तक्रारसुद्धा मागे पडते, नोंदी फाटतात, साक्षीदार पांगतात. नुकसान कुटुंबाचंच होतं.

गस्त

पासबद्दल कुणी लिहिलं नाही. एका पेशंटमागे दोन पास हे ठीक, पण त्याला जोडून एक सोय ठेवा: दोन आत, आणि बदलीसाठी एक बाहेर, पास हातोहात. नाहीतर आईला बघू न शकलेली लेक गेटवर अडते आणि भांडण तिथेच पेटतं. गेटवर रात्री महिला रक्षक हवीच.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. वरच्या चर्चेतून एक गोष्ट लगेच करण्याजोगी दिसते. रात्री आठच्या ड्यूटी-बदलात पेशंटची ओव्हर (पुढच्या पाळीला माहिती) दिली जाते, नातेवाइकांची नाही. संध्याकाळच्या डॉक्टरनं "बरं वाटेल" म्हटलेलं असतं, रात्रीचा "सिरीयस आहे" म्हणतो, आणि दोन्ही खरं असलं तरी बाहेर बसलेल्याला मधल्या वेळात काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. केसपेपरच्या मागच्या बाजूला चार रकाने आखा: किती वाजता, कुणाला, काय सांगितलं, कुणी. ओव्हर घेताना आधी तो कागद वाचायचा आणि पहिल्या फेरीला त्याच माणसाला नावानं हाक मारायची.